कोरा टायर

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होती. युनिटचं नाव सांगत नाही. चूक युनिटची नव्हती, माझी होती. मी हवालदार शांताराम माळी, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, गाव सोनगीर. तेव्हा माझी सोळा वर्षं नोकरी झाली होती आणि माळीनं हात लावला की गाडी चालू होते, असा माझा लौकिक होता. त्या लौकिकानंच माझा घात केला.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, फौजेत रोज गोळीबार चालतो. आमच्याकडे रोज काय चालायचं ते सांगतो. ०५३० ला उठायचं. ०६०० ला फर्स्ट परेड. ही परेड माणसांची नाही, गाड्यांची. ज्याची गाडी त्यानं तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि तेल, हवा, ब्रेक, चेन, दिवे, टायर सगळं तपासायचं. तेही नुसत्या डोळ्यांनी नाही, हात लावून. मग वर्क टिकटवर सही करायची आणि गाडी गेटबाहेर काढायची. संध्याकाळी परत आल्यावर तेच पुन्हा, ती लास्ट परेड. वर्षानुवर्षं हेच केलं की माणसाच्या बोटांना डोळे फुटतात. माझ्या बोटांना तर नक्कीच फुटले होते. म्हणून मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

युनिटमध्ये खान्देशचे आम्ही दोघंच. दुसरा लान्स नायक विलास, भडगावजवळच्या एका गावचा. तो डीआर होता, म्हणजे डिस्पॅच रायडर. मोटारसायकलवरून डाक आणि कागदपत्रं पुढच्या पोस्टांवर पोहोचवायची, हे त्याचं काम. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आम्ही दोघं अहिराणीत बोलायला लागलो की सुभेदार साहेब विचारायचे, "ये कौन सा कोड है भाई?" विलास म्हणायचा, "साहब, टॉप सीक्रेट." त्या टॉप सीक्रेटमध्ये बहुतेक वेळा मेसच्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवलेली असायची.

तो घरच्या गोष्टी सांगायचा. घरी शंभर सीसीची एक मोटारसायकल होती. सुट्टीत गेला की तो बायकोला, सुनंदाला, कपाशी निघालेल्या वावरात गाडी शिकवायचा. पडली तरी माती मऊ. आबा, म्हणजे त्याचे वडील, बांधावर उभे राहून ओरडायचे, "धीरे! धीरे चालाड!" विलास त्यांची नक्कल इतकी हुबेहूब करायचा, की मी आबांना भेटण्याआधी त्यांचा आवाज ओळखत होतो.

विलासकडे युनिटची जी मोटारसायकल होती, ती साडेतीनशे सीसीची, जुनी. काही जवानांपेक्षा वयानं मोठी. तिला त्या काळात दोन दुखणी होती. पहिलं, थंड असताना पहिल्या किकला चालू व्हायची, पण गरम झाल्यावर बंद केली की अर्धा तास चालू व्हायची नाही. दोष कंडेन्सरचा होता. तो गरम झाला की ठिणगी मरायची. नवीन कंडेन्सरची डिमांड गेली होती, माल आला नव्हता. दुसरं, पुढचा टायर मधोमध गुळगुळीत झाला होता.

अशा गाडीला व्हीओआर करायचं असतं. व्हेईकल ऑफ रोड. जॉब कार्डवर तसं लिहायचं, गाडी उभी करायची आणि बोर्डावर तिच्या नंबरापुढे लाल खडूनं रेघ मारायची. एवढं साधं काम. पण दोन दिवसांनी टेक्निकल इन्स्पेक्शन होतं आणि माझ्या बोर्डावर तीन वर्षांत इन्स्पेक्शनच्या दिवशी एकही लाल रेघ नव्हती. नायब सुभेदारीसाठी माझं नाव पुढे जायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून टायर आला. वर कागदी लेबल होतं. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, तेही सगळे जागच्या जागी. कोरा टायर. मी सवयीनं त्याच्यात अंगठ्याचं नख रुतवलं. चांगल्या रबरात नख बसतं आणि काढलं की खूण हळूहळू भरून येते. इथे नख बसलंच नाही. मी टायर फिरवून बाजूवरचे चार आकडे पाहिले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर सहा वर्षं पडून होता. रस्ता न पाहताच म्हातारा झाला होता.

परत करायला हवा होता. दुसरा यायला चार-पाच दिवस लागले असते. मी तो चढवला.

विलास बाजूला उभा होता. त्यानं टायर दाबून पाहिला. फर्स्ट परेड करणारा माणूस, त्यालाही बोटं होती.

"भाऊ, टायर जरासा कडक वाटस."

"कोरा शे," मी म्हणालो. "केस बी झडेल नहीत. शंभर किलोमीटर चालाड, नरम व्हई जाई."

"आनि गरमनी कटकट?"

"रस्तामा बंदच करू नको. चहासाठे थांबू नको. जाय आनि ये."

"बरं, भाऊ."

हे सगळं मी आमच्या बोलीत बोललो, याची मला आज जास्त लाज वाटते. हिंदीत बोललो असतो तर कदाचित त्यानं आणखी एक प्रश्न विचारला असता. गावाकडच्या माणसाला त्यानं विचारला नाही.

जॉब कार्डवर मी लिहिलं: रनिंग ओके, रोड टेस्ट ओके. रोड टेस्टला मी गेलो नव्हतो. गाडी गेटबाहेरही काढली नव्हती. दुसऱ्या दिवशी १००० ला इन्स्पेक्शन झालं. साहेबांनी विलासच्या गाडीजवळ थांबून पुढचं चाक पाहिलं आणि म्हणाले, "नया टायर? शाबाश, माळी." मी छाती काढून उभा राहिलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पाऊस पहाटे थांबला होता. रस्ता ओला, वळणांवर चीडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडांच्या सुया पडलेल्या. विलास ०६४० ला गेटबाहेर पडला, तशी गेट रजिस्टरमध्ये नोंद आहे. जाताना त्यानं माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. त्याला पुढच्या पोस्टवर जायचं होतं. मी वर्कशॉपमध्ये चहा पीत होतो.

०७२० ला वायरलेसवर आवाज आला.

"कंट्रोल, पोस्ट तीन बोल रहा हूँ. डीआर गिरा है. किलोमीटर ग्यारह, मोड़ पर. मेडिकल भेजो. ओव्हर."

"पोस्ट तीन, हालत बताओ. ओव्हर."

"होश नहीं है. जल्दी भेजो. ओव्हर."

पोस्ट वळणापासून दोनशे मीटरवर होती. पहाऱ्यावरच्या संत्रीनं ०७१६ ला पडल्याचा आवाज ऐकला, घड्याळ पाहिलं आणि तो धावतच गेला, म्हणून वेळ पक्की आहे. मी रिकव्हरी गाडीबरोबर निघालो. आम्ही पोहोचायच्या आत विलास गेला होता. मैलाच्या दगडावर डोकं आपटलं होतं. हेल्मेट होतं, पट्टा लावलेला होता. डाकेची पिशवी खांद्यावर तशीच होती.

मी गाडी उचलली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. मागच्या चाकाची रस्त्यावर ओढलेली खूण नव्हती, म्हणजे त्यानं दचकून ब्रेक दाबलेला नव्हता. पुढचं चाक आपोआप खालून निघून गेलं होतं. मी टायरला हात लावला. थंडीत तो आणखी घट्ट झाला होता, घरातल्या पाट्यासारखा. बाजूचे केस अजून तसेच होते.

फौजेत पद्धत अशी, की शक्यतो जवळच्या गावचा माणूस पार्थिवाबरोबर जातो. मला पाठवलं. भडगावपर्यंतचा तो प्रवास मी सांगू शकत नाही. गिरणा नदीच्या काठी अंत्यसंस्कार झाले. सगळं आटोपल्यावर आबा माझ्याजवळ आले. उंच, काटक माणूस, डोक्यावर पांढरी टोपी. ते रडत नव्हते.

"शांताराम, कसं व्हयनं?"

"रस्ता वला व्हता, आबा. चाक घसरनं."

"टायर झिजेल व्हता का?"

आबा शेतकरी. ट्रॅक्टर चालवलेला, मोटार दुरुस्त केलेली. त्यांनी बरोब्बर तेच विचारलं. आणि मी म्हणालो, "नही आबा. टायर कोरा व्हता."

शब्द खोटा नव्हता. टायर खरंच कोरा होता. चढवला तेव्हा एक किलोमीटरही न चाललेला. खरा शब्द वापरून खोटं बोलता येतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

आबांनी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कोरा टायर बी घसरना. म्हणजे त्यानीच जोरमा चालाडी."

मी त्यांना ते खरं समजू दिलं.

तीन आठवड्यांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. टेबलामागे मेजर साहेब आणि दोन अधिकारी. मी सावधानमध्ये.

"टायर की हालत?"

"कोरा था, साहब."

"गाड़ी की रनिंग?"

"ओके थी, साहब. रोड टेस्ट किया था."

"कोई डिफेक्ट?"

"नहीं, साहब."

आता हिशोब सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. त्या रस्त्यावर सहाव्या किलोमीटरला चहाची टपरी होती. सगळे डीआर तिथे पंधरा मिनिटं थांबायचे, हे कोर्टाला माहीत होतं. टपरीवाला म्हणाला, रोज थांबतात, त्या दिवशीचं आठवत नाही. गेट ०६४०, अपघात ०७१६. छत्तीस मिनिटं. त्यातून चहाची पंधरा वजा केली की उरली एकवीस. घाटाच्या ओल्या रस्त्यावर अकरा किलोमीटर एकवीस मिनिटांत, म्हणजे विलास घाईत होता. चहात गेलेला वेळ भरून काढायला वेगात निघाला. निष्कर्ष: चालकानं परिस्थितीच्या मानानं जास्त वेग ठेवला.

पण विलास त्या दिवशी चहाला थांबला नव्हता. थांबला असता तर गाडी पुन्हा चालूच झाली नसती. मीच त्याला थांबू नको म्हणून सांगितलं होतं. छत्तीसच्या छत्तीस मिनिटं तो गाडीवर होता. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. सायकलचा वेग. त्याला टायर कडक वाटला होता, म्हणून तो बेतानं, जपून चालला होता. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि ते सांगायचं तर कंडेन्सर सांगावा लागला असता, मग रोड टेस्ट, मग टायर.

मी सॅल्यूट ठोकून बाहेर आलो. पुढच्या वर्षी नायब सुभेदार झालो.

त्यानंतर एकदा पोस्टिंग बदलली आणि मी रिटायर झालो. आता सोनगीरला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. जुन्या मोटारसायकली येतात. लोक म्हणतात, सुभेदार साहेब टायरच्या बाबतीत फार किटकिट करतात. करतो. विलासच्या घरी दिवाळीला फोन करायचो, जायचो मात्र नाही. चोराच्या मनात चांदणं. त्यांच्या गावातून आलेल्या एकानं सांगितलं, की शाळेच्या भिंतीवर गावातल्या गेलेल्या जवानांची नावं रंगवली, तेव्हा गुरुजी आबांकडे गेले होते. आबांनी विलासचं नाव लिहू दिलं नाही. "जोरमा गाडी चालाडीसन मरना," ते म्हणाले, "तेन्हं नाव पोरेसना समोर कसाले?" हे ऐकून मी त्या दिवशी गॅरेज बंद करून घरी गेलो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सुनंदावहिनींचा फोन आला. त्या अंगणवाडी सेविका आहेत. नेमणूक नदीपलीकडच्या गावात, घरापासून नऊ किलोमीटर. रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही.

"भाऊ, त्यासनी गाडी दहा वरीस पासून गोठामा शे. चालू करी देशात का?"

"आबा काय म्हनतस?"

"आबा हात लावू देत नव्हतात. आते म्हनतस, शांताराम 'ओके' म्हनी तरच चालाडजो."

माझ्या 'ओके'वर त्या माणसाचा अजून भरवसा होता. मी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, जायचं नाही. तिला कारण माहीत नव्हतं. ती म्हणाली, "बाई माणूस इतक्या आशेनं मागते, तुम्हाला काय धाड भरली?" रविवारी मी टूलबॉक्स घेऊन निघालो.

गाडी गोठ्यात पोत्यांखाली होती. टाकीत गंज, पेट्रोलचा गूळ झालेला. मी टाकी सोडवली, आत बारीक खडी आणि रॉकेल घालून हलवून हलवून धुतली. कार्ब्युरेटर खोलला. जेट चोंदला होता. पुष्कळ लोक त्यात तार घालतात, घालू नये, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल खायला लागते. हवा मारली. प्लग नवा टाकला, तेल बदललं. तिसऱ्या किकला गाडी बोलली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. आबा ओट्यावरून हलले नाहीत.

जुन्याच टायरांवर वावराच्या रस्त्यानं मी ती हळूहळू फिरवली. दीड-दोन किलोमीटर गेली आणि मेली. टाकीचं झाकण उघडलं तर आत हवा ओढल्याचा आवाज आला, सूंऽऽ. झाकण उघडलं की गाडी चालू, लावलं की थोड्या वेळानं बंद. झाकणाला वरून हवेसाठी एक बारीक भोक असतं. कुंभारमाशीनं त्यात मातीचं घर केलं होतं. हवा आत जात नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. दाभणानं माती काढली. मग गाडी अर्धा तास पळवली, गरम असताना तीन वेळा बंद केली आणि तीन वेळा चालू केली. अर्ध्या तासाचं काम. विलासच्या गाडीला तेव्हा तेवढंच करायचं होतं.

टायर मात्र दोन्ही तडकलेले, बाजूंना भेगा. भडगावात त्या मापाचा पुढचा टायर मिळाला नाही. मंगळवारी वहिनींची जळगावला मीटिंग होती, तेव्हा दुकानात जायचं ठरलं.

दुकानदार उत्साही होता. वहिनींना आधी जाड, खोल खाचांचे टायर आवडले. मी म्हणालो, मागे घ्या, काळी माती आणि गिरणेची वाळू आहे, पकड लागेल. पुढे सरळ रेघांचा घ्या, वळताना गाडी ऐकते. आणि मापापेक्षा रुंद घेऊ नका, दिसायला भारी, पण चेनकव्हरला घासतो. दुकानदारानं आतून पुढचा टायर आणला.

"घ्या ताई, कोरा माल शे. केस पाहा, एक बी झडेल नाही."

मी टायर फिरवला. चार आकडे पाहिले. नख लावलं.

"हा नको. पाच वर्षं जुना आहे."

"साहेब, वापरलेला नाही तो! कोरा आहे!"

"कोरा आहे, पण मेलेला आहे. दुसरा दाखवा."

दुकानदार कुरकुरत आत गेला. वहिनी टायरकडे पाहत होत्या. त्यांनी माझ्यासारखंच नख लावून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या,

"भाऊ, कोरा टायर बी घसरस का?"

"हो."

"त्यासले बी कोराच टायर व्हता ना?"

मी तो टायर उचलून बाजूला ठेवला. रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. दुकानदार दुसरा टायर घेऊन आला, ठेवला, आमच्याकडे पाहिलं आणि परत काउंटरवर गेला. वहिनींनी खाली बसून त्यावरचे चार आकडे वाचले, नख रुतवलं, खूण भरून येईपर्यंत थांबल्या. तीन टायर त्यांनी असेच तपासले. त्यातला एक निवडला, मागचाही तसाच तपासून घेतला. माझं मत विचारलं नाही.

एसटी स्टँडवर बाकावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. टायर, कंडेन्सर, चहा, छत्तीस मिनिटं. बस लागली तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "हाई आबासले सांगा. मी सांगावाव नही. तुम्ही सांगा."

विलासच्या घरी पोहोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. आबा ओट्यावर. मी पायऱ्यांखाली उभा राहिलो, सावधानमध्ये उभा राहतात तसा. ठरवून नाही, आपोआप. आणि रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. माफ करा असं मी म्हणालो नाही. त्या शब्दावर माझा हक्क उरला नव्हता.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अकरा किलोमीटर?"

"हो, आबा."

"आनि कितली मिनिटं?"

"छत्तीस."

"कथाच थांबना नही?"

"नही आबा. मीच सांगेल व्हतं, थांबू नको."

आबांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. भडगावचा बाजार त्यांच्या गावापासून तितकाच लांब. तरुणपणी ते सायकलवर जायचे, हे विलासनं मला सांगितलं होतं.

"इतला येळमा त मी सायकलवर बजारमा जाऊ," आबा म्हणाले. "मन्हा पोऱ्या धीरे जाई ऱ्हायंता. मन्हं ऐकीसन धीरे जाई ऱ्हायंता. आनि मी दहा वरीस त्याले शिव्या दिध्यात."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. माझ्यासाठी आतमध्ये चहा ठेवला होता, वास येत होता. आबांनी हात वर केला.

"याले चहा देऊ नको."

आमच्याकडे वैऱ्यालाही चहा देतात. मला ते बरोबर वाटलं.

थोड्या वेळानं आबा खाली उतरले. टायरांजवळ गेले. "हाई कोनी निवाडं?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

आबांनी वाकून अंगठ्याचं नख रुतवलं. बराच वेळ दाबून धरलं, मग खुणेकडे पाहत राहिले. "बसाडी दे," ते मला म्हणाले. "मंग जाय."

मी दोन्ही टायर बसवले. ते समोर उभे होते. पुढच्या टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण मी दोनदा तपासला. हवा मोजून भरली. रोड टेस्टला निघालो तर वहिनींनी चावी मागितली. "मी जास," त्या म्हणाल्या. नदीच्या पुलापर्यंत जाऊन आल्या, गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. आबा बांधावर ओरडायचे तसे ओरडले नाहीत.

त्याच आठवड्यात मी युनिटला आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. माझा नंबर, नाव, जॉब कार्डवर काय लिहिलं, काय केलं नाही, कोर्टापुढे काय लपवलं, सगळं. पोच आली आहे. पुढे काय होईल माहीत नाही. पेन्शनला हात लागला तर लागू दे. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग म्हणाली, दहा वर्षं घरात कोण झोपत होतं तेच मला कळेना.

विलास गेला त्या तारखेला मी आता त्यांच्या घरी जातो. आबा माझ्याशी बोलत नाहीत. चहा येत नाही. मी अंगणात उभा राहतो आणि निघतो. यंदा गेलो तेव्हा वहिनी कामावर निघत होत्या. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. तेल, चेन, ब्रेक, दिवे. पुढचं चाक फिरवून टायरला नख लावलं. मी बाजूला थांबलो. सगळं हातानं तपासून झाल्यावर त्यांनी किक मारली.

परतताना मी शाळेवरून गेलो. भिंतीवर शेवटचं नाव नव्या रंगात होतं. बाकीच्या नावांपुढे फक्त रँक आणि वर्ष आहे. याच्यापुढे एक ओळ जास्त आहे. पेंटर नको म्हणत होता, आबांनी ऐकलं नाही, असं गुरुजी म्हणाले.

लान्स नायक विलास. डीआर. सकाळी ०६४० ला निघाला. हळू चालला होता. वाटेत कुठे थांबला नाही.